कॅमेरा कुठं बसला होता?

चित्रपट कसा पाहावा हे मला साठी उलटल्यावर कळलं. तोवर मी तो नुसताच पाहत होतो. नायिका रडली की डोळे पुसायचे, खलनायक पडला की टाळी वाजवायची आणि मध्यंतरात शेंगदाणे खायचे, एवढंच आमचं रसग्रहण. पण आमचा पुतण्या पुण्याला जाऊन उन्हाळ्यातला चित्रपट रसास्वादाचा वर्ग करून लोहाऱ्याला परत आला आणि आमच्या घरातलं सिनेमा पाहण्याचं सुख त्या दिवशी संपलं.

कारण रिमोट त्याच्या हातात असतो. ऐन प्रसंगात तो चित्र थांबवतो.

"काका, हा शॉट बघा."

"बघितला की."

"काय दिसलं?"

"बाई रडायलीय."

"ते सोडा हो. कॅमेरा कुठं आहे?"

आता कॅमेरा कुठं आहे हे मला कसं कळावं? पडद्यावर सगळं दिसतं, कॅमेरा तेवढा दिसत नाही. दिसला तर कॅमेरामनची नोकरी जात असावी. पण पुतण्या ऐकतो कसला! लांबून घेतला तो लाँग शॉट, कमरेच्या वरचा मिड शॉट, नुसतं तोंड म्हणजे क्लोजअप. कॅमेरा जागेवर उभा राहून डावी-उजवीकडं मान वळवतो तो पॅन, खाली-वर करतो तो टिल्ट. रुळांवरच्या गाडीत बसून पात्राबरोबर चालतो तो ट्रॅकिंग शॉट. झूममध्ये मात्र कॅमेरा जागचा हलत नाही, नुसती भिंगं हलतात.

हे मला चटकन समजलं. पंगतीत बसल्या जागेवरून कुणाच्या ताटात किती जिलब्या पडल्या हे टिपणारे आमचे अप्पा म्हणजे झूम, आणि रांगेतून वाकत वाकत आग्रह करत फिरणारा यजमान म्हणजे ट्रॅकिंग. पुतण्या म्हणाला, "बरोबर. झूममध्ये माणूस मोठा दिसतो, पण आपण त्याच्या जवळ गेलेलो नसतो." हे वाक्य त्यानं सहज टाकलं. मला ते नंतर फार दिवस पुरलं.

एवढ्यात आमचं कुटुंब स्वयंपाकघरातून म्हणालं, "हे सगळं कळलं की रडू जास्त येतं का कमी?"

पुतण्या गप्प झाला. पुण्याच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नसावा. सबंध समीक्षाशास्त्राला पुरेल असा प्रश्न फोडणीच्या आवाजातून आला होता आणि उत्तर द्यायला घरात कुणी नव्हतं. तेव्हापासून ते उत्तर मी शोधतोय.

लहानपणी आम्ही जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिला. जमीन हीच खुर्ची. पुढं जागा नसली तर पडद्याच्या मागं जाऊन बसायचं. तिथून सगळं उलटं दिसे. पाट्या वाचता येत नसत आणि महाराजांपासून मावळ्यांपर्यंत सगळे डावखुरे. शिवाय मातीत मांडी घालून मान वर केलेली, म्हणजे हवालदार काय आणि हमाल काय, आमच्या लेखी सगळेच उंच. पुतण्या म्हणतो, याला लो अँगल म्हणतात. कॅमेरा खाली ठेवून वर पाहिला की माणूस भारदस्त दिसतो, वरून खाली पाहिलं की बापुडवाणा. जपानमधल्या यासुजिरो ओझू नावाच्या दिग्दर्शकानं तर चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला कॅमेरा ठेवून आपले बहुतेक चित्रपट घेतले. त्याचा १९५३ सालचा 'टोकियो स्टोरी' पुतण्यानं मला दाखवला. म्हातारे आईबाप शहरातल्या मुलांकडं जातात, मुलांना सवड नसते, आईबाप परत येतात. कॅमेरा फारसा हलतच नाही. घरातलं वडीलधारं माणूस कोपऱ्यात बसून, कुणाला न बोलता, सगळं बघत असावं तसा तो बसलेला असतो. मला तो सिनेमा लगेच कळला. तंबूतल्या आम्हां सगळ्यांची बैठक तीच होती, फक्त आम्हांला कुणी दिग्दर्शक म्हटलं नाही.

आपल्याकडं दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा कॅमेरा नाटकाच्या पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा समोर ठाम बसलेला असे. पात्रांनी यावं, काय करायचं ते करावं आणि जावं. पुढं दोन दशकांत हा प्रेक्षक उठून रंगमंचावर चढला. १९३४च्या 'अमृतमंथन'मध्ये शांतारामबापूंनी टेलिफोटो भिंग लावून राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. नाटकात कितीही महागाचं तिकीट काढलं तरी नटाचा डोळा इतका जवळून दिसायचा नाही. धर्माच्या नावाखाली बळी मागणाऱ्या माणसाचा तो डोळा. संवाद ऐकायच्या आधीच माणूस कळतो.

याच शांतारामबापूंचा १९७२चा 'पिंजरा' पाहताना मात्र मला पुतण्याच्या पुढं जाता आलं. लो अँगलनं माणूस मोठा दिसतो, हे त्याचं सूत्र. मी म्हटलं, "अरे, मग लो अँगल हा पुतळ्याचा अँगल झाला." 'पिंजरा'त गावाला गुरुजी मेले असं वाटतं, त्यांचा पुतळा उभा राहतो आणि खऱ्या गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो. गाव पुतळ्याकडं मान वर करून पाहतं आणि माणसाकडं पाहायचंच राहून जातं. आमच्या चौकातले फ्लेक्सही उंचावर असतात. खालून सगळे थोर दिसतात. तेच गृहस्थ चहाच्या टपरीवर शेजारी बसले की अँगल बदलतो आणि उधारीची आठवण होते.

'कोर्ट' हा चैतन्य ताम्हाणे यांचा चित्रपट २०१५ साली आपल्याकडं लागला. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, जरा लांब, हलायचं नाव नाही. पुतण्या म्हणाला, "हा स्थिर वाइड शॉट." मी म्हटलं, "हा बाकावर बसलेला पक्षकार." बांधाच्या वादापायी मी काही वर्षं तारखा केल्या आहेत, तेव्हा मला अनुभव आहे. तिथं कुणी तुमच्या तोंडाचा क्लोजअप घेत नाही. तुमच्या जन्माचा प्रश्न असतो आणि तो पंख्याच्या घरघरीत, कागदांच्या खसखशीत, लांबून कुठंतरी चाललेला असतो. कॅमेरा त्या शाहिराच्या तोंडाजवळ घुसला असता तर मला रडू आलं असतं. तो लांब राहिला म्हणून राग आला. शेवटाकडं सुटीसाठी कोर्ट बंद होतं, दिवे एकेक मालवतात आणि कॅमेरा त्या अंधारात तसाच बसून राहतो. पक्षकारच तो, जाणार कुठं?

म्हणजे कुटुंबाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. शॉट कळला की रडू वाढत नाही, कमीही होत नाही. कधीकधी ते रडू नव्हतंच, हे कळतं.

उरलेलं उत्तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून आलं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४च्या फेब्रुवारीत लागला. त्यातली ती भिंत आठवा. कचरू माने आणि त्याचं पोर पकडलेलं डुक्कर वाहून नेतात आणि मागं शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई वगैरे थोरांची चित्रं आहेत. इथं कॅमेरा कुणाच्या तोंडात शिरत नाही. भिंत, डुक्कर आणि माणसं एका चौकटीत ठेवतो आणि गप्प राहतो. तोडून तोडून दाखवलं असतं तर ते भाषण झालं असतं. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्याकडं. पडदा काळा.

तोवर आपण कुठं बसलो होतो, हे त्या क्षणी कळतं. डुकराच्या मागं धावणाऱ्या त्या कुटुंबाला हसणारी गावची मंडळी कट्ट्यावर बसलेली होती, आणि मीही एकदोनदा हसलो होतो. कॅमेरा कुठं आहे, या पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा प्रथम मिळालं. कॅमेरा माझ्या जागी होता.

इथं मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं झोपली होती आणि पहाटे चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला. आज आमच्या लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर आणि पलीकडं लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, अशी कितीतरी गावं बसली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली.

आम्ही काही जण भाकरी घेऊन सास्तूरला गेलो. वर हेलिकॉप्टरं फिरत होती. नंतर ती चित्रं दूरदर्शनवर पाहिली. वरून सगळं गाव म्हणजे दगडांचा एक ढीग. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण त्या उंचीवरून उंबरा दिसत नाही, जातं दिसत नाही, कुठली भिंत कुणाची ते दिसत नाही. खाली आणखी एक कॅमेरावाला आलेला. तो जीपजवळ उभा राहूनच एका बाईचं चित्र घेत होता. ती गुडघ्यात मान घालून बसलेली. तो लांबूनच ओरडला, "बाई, जरा इकडं बघा!" तिनं पाहिलं. त्याचं काम झालं. मी शेजारीच टोपली घेऊन उभा होतो, आणि काही बोललो नाही. झूममध्ये माणूस मोठा दिसतो, पण आपण त्याच्या जवळ गेलेलो नसतो. हे वाक्य मला पुरलं ते यासाठी.

मंजुळ्यांचाच 'सैराट' २०१६ साली आला. शेवटी आर्ची-परशाला मारतानाचं काही आपल्याला दाखवलेलं नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं पोर घरी येतं, पाहतं, आणि रडत बाहेर निघतं. आवाज बंद. फरशीवर रक्ताची इवलीशी पावलं. कॅमेरा त्या पोराच्या उंचीला उतरतो आणि आईबापांची विटंबना मांडायला नकार देतो. थिएटरात शिट्ट्या मारायला आलेली पोरं मुकाट बाहेर पडताना मी पाहिली आहेत. कॅमेऱ्यानं कधी मान खाली घालावी, हे ज्याला कळतं तो दिग्दर्शक. बाकीचे शूटिंग करतात.

मागच्या उन्हाळ्यात पुतण्यानं सास्तूरच्या आमच्या एका थोरल्या आत्याबाईंवर पाच मिनिटांचा लघुपट करायचं ठरवलं. भूकंपात त्यांचं घर रिकामं झालं, त्या राहिल्या. त्यानं तिपाई लावली, छत्री लावली, ड्रोन उडवला. शेजारच्या कोंबड्या पसार झाल्या. मग तो कॅमेरा डोळ्याला लावून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि कोन शोधू लागला. आत्याबाई बाजेखाली जमिनीवर बसलेल्या. त्यांनी थोडा वेळ मान वर करून पाहिलं.

"बाळा, उभ्यानं काय बघायलास? खाली बस की. चहा टाकलाय."

तो बसला. कॅमेरा चुकून चालूच राहिला. त्यात अर्ध्या आत्याबाई आहेत, एक कपबशी आहे, वाफ आहे, आणि मधेच त्या सांगायला लागतात ते आहे. पुतण्या म्हणतो, "काका, हा शॉट वाया गेला. फ्रेमिंगच नाही."

मी रिमोट त्याच्या हातातून काढून घेतला. स्वयंपाकघरातून आमचं कुटुंब हात पुसत येऊन दारात उभं राहिलं होतं. शेवटपर्यंत कुणी चित्र थांबवलं नाही.