अपुरा ग्रंथ आणि बोलका वाचक

काशीच्या पंचगंगा घाटाला लागून उत्तरेस दुर्गाघाट आहे. दुर्गाघाट आणि त्यापलीकडचा ब्रह्माघाट ही काशीतील मराठी वस्तीची जुनी ठिकाणे. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांच्यासारख्या पेशव्यांच्या विश्वासातील विद्वानांनी येथील घाटांच्या उभारणीस हात लावला आणि पुढे वैदिक, शास्त्री, पुराणिक व कीर्तनकार यांची घरे या परिसरात स्थिरावली. मराठी वाङ्मयाचा काशीशी संबंध मात्र या वस्तीहून जुना आहे. दुर्गाघाटावरून पायऱ्यापायऱ्यांनी दक्षिणेकडे चालत गेले की मणिकर्णिका लागते. एकनाथी भागवताची समाप्ती याच तीरावर झाली, अशी नोंद खुद्द एकनाथांनी ग्रंथाच्या शेवटी करून ठेवली आहे. लेखक आपली कला कोणासमोर आणि कशी शिकतो, या आजच्या प्रश्नाचा विचार या नोंदीपासून सुरू करता येतो.

हा प्रश्न आज पुन्हा उभा राहण्यास कारण आहे. १९९९ च्या सुमारास ‘ब्लॉग’ हा शब्द रूढ झाला. त्यानंतरच्या दशकात फेसबुक, ट्विटर, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ही माध्यमे आली. कवी, चित्रकार, गायक आपले पुरे-अपुरे काम तेथे रोज मांडू लागले. मांडत मांडत शिकावे, समव्यवसायी माणसे जोडावीत आणि त्यातून आपली कला वाढवावी, असा सल्ला कलावंतांना सर्रास दिला जातो. या सल्ल्यात तथ्य आहे. परंतु प्रकट होणे आणि वाढणे या दोन गोष्टी त्यात एकच मानल्या जातात. त्या एक आहेत काय, हे तपासून पाहावयास हवे.

एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरील टीका पैठणला लिहावयास घेतली. पहिले पाच अध्याय तेथे झाले. उरलेले सव्वीस काशीत लिहिले गेले. शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३, कार्तिकी पौर्णिमेस ग्रंथ पुरा झाला. एवढा भाग ग्रंथांतर्गत पुराव्याचा आहे. परंपरा याहून पुष्कळ अधिक सांगते. त्या अपुऱ्या पंचाध्यायीची प्रत एकनाथांच्या आधी काशीस पोहोचली, प्राकृतात भागवत लिहिल्याबद्दल तेथील पंडित संतापले, त्यांना बोलावणे धाडले आणि अखेर ग्रंथ ऐकून त्यांनीच त्याचा गौरव केला, अशी ती कथा आहे. संतचरित्रकारांनी तिला चमत्कारांचा साज चढविला. तो बाजूला ठेवला तरी प्रसंगाचा गाभा अशक्य कोटीतला वाटत नाही. पैठण आणि काशी यांच्यात विद्येची वाट वाहती होती. पैठणहून काशीस गेलेल्या रामेश्वर भट्टांचे पुत्र नारायण भट्ट हे त्या काळच्या काशीतील अग्रगण्य धर्मशास्त्री होते. अशा वाटेने एखादी प्रत ग्रंथकाराच्या पुढे निघून जाणे स्वाभाविकच होते.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, प्राकृत भाषेचे समर्थन पहिल्याच अध्यायात येते. ते काशीतील आक्षेपाला दिलेले उत्तर नव्हे. पैठणला बसून आधीच ओळखलेल्या आक्षेपाला दिलेले आहे. आपला कठोर वाचक कोण, हे लेखकाला ठाऊक होते आणि त्याला समोर ठेवूनच त्याने लेखणी उचलली. याउलट तेविसावा अध्याय काशीत लिहिलेला आहे. लोकांनी केलेली विटंबना निमूटपणे सोसून तिच्या कारणांचा शोध स्वतःच्या मनात घेणाऱ्या भिक्षूची कथा त्यात आहे. मूळ संस्कृतातील हे भिक्षुगीत एकनाथांनी फार विस्ताराने खुलविले. त्यामागे काशीतील अनुभव होता असे सिद्ध करता येणार नाही. तथापि विरोधकांच्या नगरात राहून लिहिणाऱ्या ग्रंथकाराची लेखणी याच प्रकरणावर इतकी रेंगाळावी, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये.

अपुरा ग्रंथ लोकांत जाऊ देणारे हेच एकनाथ पाठाच्या बाबतीत किती काटेकोर होते, हे अकरा वर्षांनी दिसून आले. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून तिचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपल्या ओव्या मिसळू नयेत, असे बजावले. प्रतीवरून प्रत होत जाताना ग्रंथ पसरतो आणि बिघडतोही, हे त्यांनी जाणले होते. ग्रंथ मोकळेपणाने फिरू द्यावा आणि त्याच्या शुद्धतेची जबाबदारीही घ्यावी, ही दोन्ही कर्तव्ये त्यांनी एकाच कारकिर्दीत पाळली.

याच काशीत विसाव्या शतकात आणखी एक उदाहरण घडले. बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) यांचा जन्म काशीतील मराठी कुटुंबातला. घरची भाषा मराठी. लेखणी चालली ती हिंदीत. १९२० मध्ये निघालेल्या ‘आज’ या दैनिकाच्या संपादनातून त्यांनी हिंदी वृत्तपत्रीय गद्याला वळण दिले. आज सर्रास वापरात असलेले अनेक शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. हे गद्य रोजच्या घाईत, रोजच्या वाचकासमोर घडले. मात्र त्या घाईत लेखक आणि वाचक यांच्यामध्ये संपादकाचे टेबल होते. १९३० च्या आंदोलनात वृत्तपत्रांवर निर्बंध आले तेव्हा काशीत ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघत असे. त्यामागेही पराडकर होते. त्या पत्रकावर लेखकाचे नाव नसे, पण पकडले गेल्यास तुरुंग ठरलेला असे. निनावी लेखनालाही तेथे जबाबदारी चुकत नव्हती.

आक्षेपक आणि संपादक यांच्या जोडीला तिसरा घटक येतो तो शिक्षकाचा. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि नवोदितांना ती टपालाने पाठविली. काफिया, रदीफ, वृत्त यांचे धडे त्या पानांतून दूरदूरच्या गावी गेले. भटांचे निधन २००३ मध्ये झाले. १९९६ पासून चालू असलेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळावर पुढे गझलेच्या कार्यशाळा झाल्या आणि देशोदेशीचे मराठी लिहिणारे एकमेकांचे शेर तपासू लागले. मात्रा कोठे चुकली, यमक कोठे घसरले, हे तेथे नाव घेऊन सांगितले जाई. ब्लॉग आणि समाजमाध्यमे यांच्या बाजूने बोलावयाचे तर हे उदाहरण सर्वांत बळकट आहे. माध्यम नवे होते. त्यातली शिस्त जुन्या पत्रव्यवहाराची होती.

आजच्या समाजमाध्यमांची रचना या शिस्तीला अनुकूल आहे, असे म्हणता येत नाही. तेथे वाचक येतो, अंगठा उंचावतो आणि पुढे सरकतो. प्रतिसादाची संख्या मिळते, प्रतिसाद मिळत नाही. काशीचे पंडित एकनाथांना प्रतिकूल होते, पण परंपरेतल्या त्या कथेत त्यांनी ग्रंथ ऐकला, हा तपशील निर्णायक आहे. आज कविता हजारोंपर्यंत जाते आणि तिच्यावर अर्धा तास बोलणारा एकही माणूस कवीला भेटत नाही, असे घडू शकते. शिवाय ती जाताना काय होते तेही पाहावे. कुसुमाग्रजांच्या किंवा पु. ल. देशपांड्यांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेला मजकूर व्हॉट्सॲपवरून वर्षानुवर्षे फिरतो. आणि अनाम कवीची खरी कविता त्याच्या नावावाचून फिरते. १५८४ मधील इशारा ज्या दोषासाठी होता तो दोष आता क्षणाक्षणाला घडतो.

तरीही जुन्या व्यवस्थेचे गुणगान करून हा विचार संपविता येणार नाही. काशीच्या सभेत बोलण्याचा अधिकार मोजक्यांनाच होता. एकनाथ पैठणच्या विद्वान ब्राह्मण घराण्यातले होते. त्यांना निदान बोलावणे तरी आले. बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षीच त्या वारल्या होत्या. आपल्या ओळींवर मराठी वाचक काय म्हणतो, हे त्यांना कधीच ऐकावयास मिळाले नाही. आज एखादी शेतकरी स्त्री हातातल्या फोनवरून आपले गाणे त्याच दिवशी ऐकवू शकते. हा दरवाजा संपादकांनी किंवा सभांनी उघडलेला नाही. तो या माध्यमांनी उघडला आहे. म्हणून माध्यमाचा दोष दाखविताना त्याने कोणाला आत घेतले, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. खरा प्रश्न आत आलेल्या लेखकाला तेथे काय मिळते हा आहे.

त्याचे उत्तर वरील उदाहरणांतूनच निघते. प्रकट लेखनातून लेखक वाढतो तो तीन अटींवर. त्याचे अपुरे काम ऐकून घेणारा आणि हरकत घेणारा वाचक असावा. छापण्यापूर्वी हात धरणारा कोणी असावा. आणि पाठाची व नावाची शुद्धता राखली जावी. पूर्वी ही कामे सभा, संपादक आणि शिक्षक करीत. नव्या माध्यमाने ती कोणावरच सोपविलेली नाहीत. म्हणून ती लेखकांनी आणि वाचकांनी आपसांत वाटून घेतली पाहिजेत. गझलेच्या कार्यशाळांनी ते शक्य असल्याचे दाखविले आहे. दहा जणांचा गट, ठरलेला दिवस आणि एका रचनेवर पुरती चर्चा एवढ्यावरही ते साधते. हजारोंच्या पसंतीने तेवढे साधेल याची खात्री नाही.

ग्रंथालयांचाही यात भाग आहे. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि तेथील मराठी समूहांतल्या चर्चा दृष्टीआड झाल्या. एखाद्या कवीने पहिला खर्डा कोणता मांडला, त्यावर कोण काय म्हणाले आणि त्याने ओळ का बदलली, हा पुढच्या अभ्यासकाला लागणारा पुरावाच त्याबरोबर गेला. एकनाथांच्या बाबतीत असा पुरावा साडेचारशे वर्षांनी हाती आहे, कारण आरंभ कोठे झाला, कोणता भाग कोठे लिहिला आणि समाप्ती कोणत्या तिथीस झाली, हे त्यांनी ग्रंथातच लिहून ठेवले. दुर्गाघाटापासून थोड्या पावलांवर पुऱ्या झालेल्या त्या ग्रंथाची ही शेवटची नोंद आजच्या लेखकानेही करावी अशी आहे. आपला खर्डा, त्याची तारीख आणि त्यावर बोललेल्या वाचकाचा शब्द त्याने स्वतः जपला, तर माध्यम बंद पडले तरी त्याचे शिक्षण मागे राहील.