बाबांनी नापास केलेलं विमान

मागच्या दिवाळीत गावी लॅपटॉप घेऊन गेलो आणि बाबांना बिरसी दाखवलं. बिरसी म्हणजे गोंदियाचा विमानतळ. आमच्या धानाच्या बांधावर उभं राहिलं की उतरणाऱ्या विमानाचं पोट दिसतं. मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर सुरू केला, विमान ऑटोपायलटवर सोडलं आणि कॅमेरा बाहेर काढून साधारण आमच्या बांधावर आणून ठेवला. विमान धावपट्टीला समांतर गेलं, वळलं, पुन्हा वळलं. बाबांनी बिडी विझवली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हे आपल्या बिरसीचं नाही. याचा आवाज पडून नाही राहिला."

मी हसलो. मग महिनाभर तेच डोक्यात फिरत राहिलं.

मी पुण्यात कोड लिहितो. नागपुरात इंजिनिअरिंग केलं, कारण पायलट व्हायला लागणारे पैसे आमच्या तीन एकरांतून निघणार नव्हते. बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये बांधली. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे, भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतली. देशभरातून मुलं येतात. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं आणि ती मुलं त्यातले बरेच तास आमच्या डोक्यावरून घिरट्या घालत पूर्ण करतात. माझे घरच्या खुर्चीतले तास कुठेच धरले जात नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मला खेळण्यातलं विमान नको होतं. शिकाऊ पोराला जे विमान त्रास देतं, तेच हवं होतं. या शोधात जी विमानं हाती लागली, त्यांच्याबद्दल हे लिहितोय.

सगळ्यांची सुरुवात सेसना १७२ ने होते. १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान आजवर ४४,००० हून जास्त बनलंय; बहुतेक सिम्युलेटरमध्ये ते फुकट मिळतं. आणि तिथेच त्याचा घात होतो. जे सगळ्यांना द्यायचं, ते कुणालाच जड जाऊ नये, असा हिशोब बनवणाऱ्यांनी केलेला दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या १७२ मध्ये मदतीचे सगळे पर्याय चालू ठेवून पहिल्यांदा उडालो, तेव्हा उजवा पाय न वापरता टेकऑफ झाला. खऱ्या एकइंजिनी विमानात पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे ओढतं. उजवं रडर दाबून ते धरावं लागतं. ते ओढणंच काढून घेतलं तर राहतं काय? सुंदर ढग. (ढग खरंच सुंदर आहेत. त्याबद्दल तक्रार नाही.) पर्याय बंद केल्यावर विमान बरंच सुधारतं, पण नवख्या माणसाला हे सांगतो कोण?

मग मी डायमंड डीए-४० कडे वळलो, कारण बिरसीला तेच दिसतं. ऑस्ट्रियन कंपनीचं, कंपोझिटचं, खाली लांब पंख आणि वर काचेचं छत असलेलं विमान. इथे एक गोष्ट कळली जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. सेसनात हातात योक असतं, मोटारीच्या चाकासारखं. डायमंडमध्ये दोन पायांमध्ये स्टिक असते. माझ्यासारख्या जॉयस्टिकवाल्याने सेसना उडवणं म्हणजे तबला वाजवायचा आणि समोर ढोलक ठेवायचा. डीए-४० ला हात लावला आणि पहिल्यांदाच हाताला ओळखीचं वाटलं.

डीए-४० खरं आहे की नाही, हे जमिनीवरच कळतं. त्याचं पुढचं चाक पायाला जोडलेलं नाही. ते ट्रॉलीच्या चाकासारखं मोकळं फिरतं, म्हणून वळायचं तर एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. सिम्युलेटरमधलं डीए-४० गाडीसारखं वळत असेल, तर ते डीए-४० नाही. नुसता रंग दिलाय. दुसरी परीक्षा वर जाऊन. पॉवर काढा आणि स्टिक पूर्ण मागे ओढून धरा. खरं विमान एकदम कोसळत नाही. नाक डोलवत, बऱ्यापैकी समतोलात खाली येत राहतं. सीओडब्ल्यूएस या छोट्या गटाने विकायला ठेवलेलं डीए-४० एनजी या दोन्ही कसोट्यांत मला उजवं वाटलं. शिवाय इंजिनाशी तुम्ही काल कसे वागलात, हे ते आज लक्षात ठेवतं. शिकाऊ विमानात ही स्मरणशक्ती हवीच, कारण हँगरमधलं विमान आधीच्या पोराच्या चुकांसकट तुमच्या हाती येतं.

पण एनजीबद्दल एक कुरकुर आहे. त्याचं इंजिन डिझेल, जेट इंधनावर चालणारं. सगळा कारभार संगणकाकडे, तुमच्या हाती एकच लिव्हर. मिक्श्चर नाही, कार्ब्युरेटर हीट नाही. उद्योगाला हेच हवंय आणि ते बरोबरही असेल, पण शिकणाऱ्याला इंजिन म्हणजे काय हे कळायचं तर त्याचा थोडा राग सोसावा लागतो.

तो राग सोसायला फ्लाइटगिअर आहे. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, जुन्या लॅपटॉपवर चालणारं. दिसायला साधं, काही ठिकाणी सरळ कुरूप. पण त्यातलं सेसना १७२पी ज्यांनी घडवलं त्यांनी विमानाभोवती फेरी मारायला लावलंय: दोऱ्या सोडा, पिटो ट्यूबचं कव्हर काढा, तेल तपासा. विसरलात तर शिक्षा. कव्हर न काढता मी एकदा निघालो आणि धावपट्टीवर वेगाचा काटा हललाच नाही. माझ्यातला इंजिनिअर खूश झाला, कारण विमान कसं उडावं हे सांगणारी फाइल चक्क उघडून वाचता येते. जेएसबीसिम नावाचं उड्डाणाचं गणित आणि त्याला पुरवलेले एक्सएमएल तक्ते. कोणता आकडा कुठून आला, हे दिसतं. बंद डब्यातल्या विमानावर टीका करताना मला कायम अंदाज लावावा लागतो. इथे ओळ क्रमांक देऊन भांडता येतं.

आमच्या भागाची म्हणून मी एक परीक्षा बनवली. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बिरसी समुद्रसपाटीपासून साधारण १,००० फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश. म्हणजे ३२ अंशांचा फरक, आणि दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर विमानाला हवा ४,८०० फुटांवरच्यासारखी विरळ लागते. पंख तेच, इंजिन तेच, पण धाव लांबते आणि चढण मंदावते. प्रत्येक विमान मी १५ अंशांत आणि ४५ अंशांत उडवलं, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून. ज्याच्या वेळेत फरक पडला नाही, ते बाद. पास झालेल्यांतही मला वाटतं तेवढा उन्हाळा कुणालाच लागला नाही. पण बाहेर काचेमागचं ऊन आणि माझ्या खोलीतला पंखा यांच्यातलं अंतर सॉफ्टवेअरच्या माथी मारणं योग्य नाही.

जॉयस्टिकचंही एक पाप सांगायला हवं, कारण ते सगळ्या विमानांना लागू आहे. खऱ्या विमानात ट्रिम फिरवलं की हातावरचा जोर कमी होतो. हात मोकळा झाला की ट्रिम झालं. स्वस्त जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते, ती कायम मध्याकडेच खेचते. त्यामुळे आपण डोळ्यांनी ट्रिम करायला शिकतो. विमान कितीही महागडं घ्या, ही सवय वाईटच लागते.

दृश्याबद्दल थोडकंच. उपग्रहाची चित्रं बहुधा ढग नसतानाची घेतात, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या जगात आमचा जिल्हा कायम उन्हाळ्यात अडकलाय. सारस जिथे उतरतात त्या धानाच्या बांध्या वाळक्या, तपकिरी. मी ऑगस्ट लावतो, पाऊस लावतो. पाऊस पडतो तो तपकिरी जमिनीवरच.

एकदा बिरसीहून पूर्वेला गेलो, दरेकसाच्या पुढे, लांजीच्या बाजूच्या डोंगरांवरून. जंगल छान दिसत होतं म्हणून खाली आलो, आणखी खाली आलो, आणि आदळलो. स्क्रीन काळी झाली, 'पुन्हा सुरू करा' असं बटण आलं. बोट बटणावर होतं आणि मला १८ मार्च २०२३ आठवला. त्या दुपारी बिरसीहून निघालेलं शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या याच लांजी-किरणापूर भागात डोंगरात पडलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघेही गेले. त्या संध्याकाळी आमच्या गावात कुणाला झोप नव्हती. रोज त्यांचे आवाज ऐकलेले लोक आम्ही. सिम्युलेटर कितीही खरा करा, त्या बटणापाशी तो खोटाच असतो. तो तसाच असावा, हेही मला मान्य आहे. पण त्या दिवशी मी लॅपटॉप बंद केला आणि आठवडाभर उघडला नाही. पुन्हा उडालो ते चार्टवरच्या उंचीनेच.

तर, बाबांचा आवाज. महिनाभर मी सॉफ्टवेअरला दोष देत होतो, इंजिनाच्या साउंड फाइली चाळत होतो. मग एका रविवारी सर्किटचा सराव करताना लक्षात आलं. धावपट्टीला समांतर जाताना जिथे उतरायचं ते टोक बाजूला आलं, की शिकाऊ पायलट पॉवर कमी करतो. तिथूनच खाली यायला सुरुवात होते. आमचा बांध नेमका त्याच वळणाच्या खाली आहे. बाबा बांधावर काम करता करता इतकी वर्षं तो आवाज पडताना ऐकत आलेत. मी ऑटोपायलटवर पॉवर तशीच सोडून दिली होती. त्यांनी विमान नापास केलंच नव्हतं; नापास मी होतो.

संक्रांतीला पुन्हा गेलो. या वेळी डीए-४० हाताने उडवलं, त्याचं रेकॉर्डिंग बांधावरच्या कॅमेऱ्यातून लावलं. टोक बाजूला आलं, पॉवर काढली, आवाज खाली आला. बाबांनी मान हलवली.

"आता बरोबर. पण जरा लवकरच पडला. ते पोट्टे रामटेके यांच्या विहिरीपाशी पाडतात."