भांडणातून उमलणारं प्रेम: कृष्णाकाठच्या कोवळ्या कथांचं काय चाललंय?

एकमेकांचं तोंड पाहायचं नाही असं ठरवून बसलेली दोन मुलं, आणि बघता बघता दोघांनाही एकमेकांवाचून करमेनासं होतं. प्रेमकथेचा हा सर्वांत खेळकर प्रकार, आणि लिहायला सर्वांत अवघडही. शेक्सपिअरच्या बिअ‍ॅट्रिस-बेनेडिकनी तो रंगवला, जेन ऑस्टिननं 1813 साली एलिझाबेथ आणि डार्सीकडून त्याला कादंबरीत मानाची जागा मिळवून दिली. आज आपली दहावी-बारावीची मुलं तो कोरियन मालिकांत पाहतात. मराठीत सध्या तो जोमात आहे साताऱ्यात, आणि तोही पुस्तकात नव्हे, मोबाइलच्या पडद्यावर.

नितीन पवार आणि ‘कोरी पाटी’ या निर्मितीसंस्थेच्या मंडळींनी ‘गावाकडच्या गोष्टी’पासून सातारी बोलीला यूट्यूबवर हक्काचं घर मिळवून दिलं. अलीकडच्या ‘आठवी-अ’ आणि ‘दहावी-अ’ या मालिकांनी तेच घर वर्गाच्या बाकापर्यंत आणलं. नावांच्या जोड्या लावणं, त्यावरून होणारी चिडवाचिडवी, रुसवेफुगवे, नजर चुकवणं, हे सगळं इथं शहरी कल्पनेतून आलेलं वाटत नाही. मुलं मुलांसारखी बोलतात. शब्द पाठ केल्याचा वास येत नाही. मराठी पडद्यावर ही गोष्ट दुर्मीळ आहे आणि तिचं श्रेय पूर्णपणे द्यायला हवं.

टीव्हीवर ही वाट 2017 साली ‘लागिरं झालं जी’नं मोकळी केली होती. वाईच्या तेजपाल वाघ यांनी लिहिलेल्या या मालिकेत फौजेत जायचं वेड घेतलेला अज्या आणि तोडीस तोड उत्तर देणारी शितली यांच्या कुरबुरींनी घराघरांत जागा मिळवली. पहिल्या भागांतली ती लढत खरोखर बरोबरीची होती. पुढे मात्र भैय्यासाहेब आणि जयडीची कारस्थानं कथेवर स्वार झाली आणि दोघांमधला ताण बाहेरच्या खलनायकांकडे गेला. रोजच्या मालिकेचा हा रोगच आहे: नायक-नायिकेतलं भांडण मिटलं की तिला दुसऱ्या कुणाचं तरी भांडण लागतं.

हे सारं सातारा-सांगलीच्या या कृष्णाकाठच्या मातीत उगवावं याचं मला नवल वाटत नाही. तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू सांगलीजवळच्या कवलापूरचे. तमाशातली गवळण म्हणजे अडवणारा कृष्ण आणि त्याला फटकारणाऱ्या गौळणी यांची शाब्दिक झटापट. पेंद्या आणि मावशी त्यात तेल ओततात. सवाल-जवाबात तर उत्तर चुकलं की हार, आणि तिथं बाईचा शब्द पुरुषाच्या शब्दाइतकाच वजनदार. नाटकाकडे वळावं तर सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. पुढे हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संगीत संशयकल्लोळ’मध्ये अश्विनशेठ आणि रेवती यांच्या गैरसमजातून निखळ हसू काढलं. मूळ मोलिएरचं, पण देवलांच्या हातून ते इतकं आपलं झालं की उसनवारी जाणवतच नाही. रहिमतपुरात जन्मलेल्या वसंत कानेटकरांचं ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ 1961 सालचं. प्रेमाकडे प्रसन्नपणे पाहायची, हसत वाद घालायची ही परंपरा आपल्या घरचीच आहे.

मग आजच्या कथांत कमी काय पडतं? माझ्या मते, रागाचं कारण. मुलगी मुलावर चिडते, पण का चिडते हे बहुतेक लेखकांनी नीट ठरवलेलंच नसतं. धक्का लागला, वही फाटली, कुणीतरी चुगली केली, एवढ्यावर भागवलं जातं. कारण हलकं असेल तर राग विरघळण्यालाही किंमत राहत नाही. सातारा-सांगलीत खऱ्या कारणांचा तोटा आहे का? बांधावरून अबोला धरलेल्या भाऊबंदांची मुलं एकाच वर्गात असतात. ग्रामपंचायतीत बापांची पॅनेल आमनेसामने असतात. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून रात्री दोन घरांत जुंपते आणि सकाळी त्याच घरांतली मुलं एकाच एसटीत असतात. जत-आटपाडीच्या कोरड्या रानातून आलेली मुलगी इस्लामपूरच्या वसतिगृहात पाणी जपून वापरते, आणि बारमाही ऊस पाहिलेला वाळव्याचा मुलगा त्यावरून तिची टिंगल करतो. इथं राग सकारण आहे, आणि तो जायचा तर मुलाला काहीतरी शिकावं लागेल. हसू याच शिकण्यातून यायला हवं.

दुसरी उणीव अधिक गंभीर. पडद्यावरचा नायक अजूनही मुलीच्या नकाराला अडथळ्यांची शर्यत समजतो. मागे मागे फिरलं, एसटी स्टँडवर वाट पाहिली, मित्रांकडून निरोप धाडले की मुलगी हसणार, असं गृहीत धरलेलं असतं. शिकवणीला एकटी जाणाऱ्या मुलीला याचा जाच रोज सोसावा लागतो. तिचा तिटकारा खरा मानणं आणि तो बदलायचा की नाही हे तिच्या हातात ठेवणं, यावर ही कथा उभी राहते किंवा कोसळते. गवळणीतल्या गौळणीला उलट बोलायचा हक्क होता, आजच्या नायिकेकडून तो का काढून घ्यावा?

जातीबद्दलही बोलायला हवं. 2016 साली ‘सैराट’नं आर्ची-परशाच्या प्रेमाचा शेवट इतका भयंकर दाखवला की त्यानंतर गावातली हलकीफुलकी प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी आडनावंच टाळायला सुरुवात केलेली दिसते. भीती समजू शकते. पण आडनावाशिवाय गाव नसतं, आणि आडनावावरून होणारी टिंगल हेही वर्गातल्या भांडणाचं एक खरं मूळ आहे. ते घेऊनही कथा प्रसन्न ठेवता येते, त्यासाठी लेखकाला जास्त धीर लागतो इतकंच.

छापील साहित्यात तर सगळा दुष्काळ. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ 2004 साली आली आणि तिचं मोल वादातीत आहे. पण ती नववीतल्या मुकुंदाची गोष्ट असली तरी वाचकांत मोठ्यांचाच भरणा, आणि त्याचं प्रेम बरंचसं मुकं. कुमारांना आपण ‘फास्टर फेणे’ दिला, 1971 पासून ‘किशोर’ मासिक दिलं, साहस दिलं, विज्ञान दिलं. चौदा ते सतरा वयाच्या मुलामुलींना एकमेकांशी भांडता भांडता समजून घेणारी, सातारा-सांगलीच्या बोलीतली कादंबरी मात्र दिली नाही. ही भूक प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन ठिकाणच्या क्रमशः कथा भागवतात. त्यांत उत्साह आहे, पण हात फिरवणारा संपादक नाही.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांतल्या लिहित्या शिक्षकांना, आणि त्याहून अधिक कॉलेजातल्या लिहित्या मुलींना विनंती: ही गोष्ट नायिकेच्या बाजूनं लिहा. आणि प्रकाशकांनो, दिवाळी अंकांच्या संपादकांनो, ती आली तर बालसाहित्यात किंवा ‘ग्रामीण’ या कप्प्यात ढकलू नका. तिला चांगला संपादक द्या आणि शाळांच्या वाचनालयांपर्यंत ती पोचवा.