‘कवच’ कोणाचे?

‘आयदान’ (२००३) या आत्मकथेमुळे घरोघरी पोचलेल्या उर्मिला पवार यांची ‘कवच’ ही कथा जरूर वाचावी. इंदिरा बाजारात आंबे विकते. पुरुष आंब्यांच्या निमित्ताने तिच्या अंगावर अचकट-विचकट बोलतात. शाळकरी गौऱ्या शरमेने अर्धमेला होतो. बंडखोर नायिका उंबरठा ओलांडते, अशी आपली सवयीची अपेक्षा. इंदिरा पाटीपाशीच बसून ठणकावून उत्तर देते. पोट त्याच बाजारावर आहे. मला मात्र खरी कसोटी गौऱ्याची वाटते. बोलणाऱ्यांची लाज वाटण्याऐवजी त्याला आईची लाज वाटते. इथे शॉमबर्गमध्येही आपण मुलींच्या कपड्यांवर बोलतो, मुलग्यांच्या नजरेवर नाही. ही कथा त्यांनाच आधी वाचून दाखवावी.