स्थिर षड्ज आणि बदलते स्वरसंघ : बासरीच्या जॅझ-प्रवासाची समीक्षा

हिंदुस्थानी बासरीने गेल्या चार दशकांत जॅझशी आणि देशोदेशींच्या संगीताशी जे नाते जोडले, त्याचे मोल मराठीत बहुधा पुरस्कार आणि परदेश दौरे यांवरून ठरवले जाते. वाद्याच्या घडणीने या नात्याला कोणत्या अटी घातल्या, हे क्वचितच पाहिले जाते. बासरी म्हणजे एका टोकाला बूच बसवलेली, फुंकेचे एक मुखरंध्र आणि बोटांची सहा छिद्रे असलेली बांबूची नळी. वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज, सहाही झाकली की पंचम, सगळी उघडली की तीव्र मध्यम आणि पहिले छिद्र अर्धे झाकले की शुद्ध मध्यम निघतो. बोट छिद्रावरून सावकाश सरकवता येत असल्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाण्याची क्रिया, या वाद्यात गळ्याच्या खालोखाल सहजतेने साधते. मात्र नळीची लांबी ठरली की षड्जही ठरतो आणि पट्टी बदलायची तर दुसरी बासरी उचलावी लागते. थिओबाल्ड बोम या जर्मन कारागिराने 1847 साली सिद्ध केलेल्या पाश्चात्त्य फ्लूटची स्थिती नेमकी उलट आहे : तिच्यातून बाराही पट्ट्या वाजतात, पण छिद्रावर बोटाऐवजी चावी बसत असल्याने मींडेला फारशी जागा उरत नाही.

हा फरक जॅझच्या संदर्भात निर्णायक ठरतो. रूढ जॅझमध्ये वादक ठरावीक क्रमाने फिरून येणाऱ्या स्वरसंघांवर, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या समूहांवर, उत्स्फूर्त रचना करतो आणि त्या ओघात आधारस्वरही सरकतो. रागात मात्र तानपुऱ्याचा षड्ज अढळ राहतो आणि सारा अर्थ त्याच्याशी असलेल्या अंतरातून निर्माण होतो. यातून वाट काढली ती जॅझनेच. माइल्स डेव्हिसच्या 1959 सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेने स्वरसंघांची गर्दी कमी करून एकाच स्वरमालिकेवर दीर्घकाळ थांबण्याची रीत रूढ केली आणि रागसंगीताच्या शेजारी बसण्याइतकी मोकळीक जॅझमध्ये आली. रविशंकर यांच्याबरोबर 1962 साली बड शँक यांनी वाजवलेली फ्लूट याच मोकळिकीचा लाभ घेते, परंतु तिथे रागाचे स्वर येतात आणि स्वरांमधला प्रवास येत नाही, ही उणीव आज ऐकतानाही जाणवते.

मुंबईत ही दोन्ही संगीते कित्येक वर्षे एकाच शहरात राहूनही एकमेकांना फारशी भेटली नाहीत. हॉटेलांतून जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्वरलिपी वाचून वाजवत होते, तर 1940 साली मुंबईत आलेले पन्नालाल घोष यांनी सुमारे 32 इंचांची लांब बासरी घडवून ख्यालाची आलापी या लोकवाद्यात आणली. 1938 साली अलाहाबादेत जन्मलेले हरिप्रसाद चौरसिया कटकच्या आकाशवाणीतून मुंबईत आले, चित्रपटांसाठी वाजवू लागले आणि नाव झाल्यावरही अन्नपूर्णादेवींकडे नव्याने शिकायला बसले. पुढच्या सगळ्या मिश्रप्रयोगांना भक्कम पाया मिळाला तो या उशिराच्या तालमीतून. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या 'मेकिंग म्यूझिक'मध्ये झाकीर हुसेन, गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आणि नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांच्या सोबतीने चौरसिया वाजवतात, तेव्हा ते आपली आलापी आटोपती घेत नाहीत. इतर तिघे तिच्यासाठी जागा करतात.

1997 साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'रिमेंबर शक्ती'मध्ये हा न्याय टोकाला जातो. त्यातील 'मुक्ती' ही रचना एक तासाहून अधिक चालते, आणि मॅकलॉफ्लिन यांची गिटार स्वरसंघांची चाल बव्हंशी सोडून रागाच्या वळणाने बोलते. हे संगीत सुंदर आहे, परंतु याला मिश्रण म्हणण्यापेक्षा जॅझने रागाचे आतिथ्य स्वीकारले असे म्हणणे अधिक खरे ठरेल. उलट दिशेचे पाऊल टाकले ते हरिप्रसाद यांचे पुतणे राकेश चौरसिया यांनी. बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मेयर यांचा डबल बेस आणि झाकीर हुसेन यांचा तबला यांच्यासह 2023 साली आलेल्या 'ॲज वी स्पीक'ला, आणि त्यातील 'पश्तो' या रचनेला, 2024 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्या गौरवापेक्षा महत्त्वाचा आहे तो त्या संगीतातील एक तोडगा. बासरी एखादा स्वर लांबवून धरते आणि त्याखाली बेसचा स्वर बदलतो. बासरी जागची हलत नाही, तरीही जो स्वर क्षणापूर्वी पंचमासारखा विसावलेला वाटत होता तोच आता गांधारासारखा उजळतो. स्थिर षड्जाच्या वाद्याला त्याचे सत्त्व न गमावता स्वरसंघांच्या जगात नेण्याचा हा मार्ग आहे. त्यात रागाचा संथ विस्तार हातचा जातो, हेही खरे. लिखित रचनेची घट्ट वीण आलापाला श्वास घेऊ देत नाही.

या पातळीखालचे चित्र मात्र समाधानकारक नाही. पुष्कळशा फ्यूजन मैफलींत ड्रम आणि कीबोर्डच्या भिंतीवर बासरी चार ओळींची पहाडी किंवा मांड रंगवून जाते, आणि त्या रंगकामालाच संवाद म्हटले जाते. बासरीवादक रोणू मजुमदार यांनी गिटारवादक राय कूडर आणि जॉन हॅसेल यांच्याबरोबर केलेले 'हॉलो बॅम्बू' यापासून दूर राहिले. हॅसेल यांनी पंडित प्राणनाथांकडे शिकून ट्रम्पेटमध्ये मींड आणली होती, म्हणजे तिथे दोन्ही बाजूंनी तयारी होती. विशारदपर्यंतच्या परीक्षांना बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला अशी तयारी करून घेणारा सराव, म्हणजे बदलत्या स्वरसंघांवर राग राखून वाजवण्याचा सराव, अभ्यासात मिळत नाही. तो ज्याच्या त्याच्या योगायोगावर सोडलेला आहे.

आणखी एक उणीव नाशिक जिल्ह्यातील वणीच्या परिसरातून अधिक स्पष्ट दिसते. 1987 साली लंडनमधील ध्वनिमुद्रिका-व्यावसायिकांनी दुकानातल्या कप्प्यासाठी स्वीकारलेल्या 'वर्ल्ड म्यूझिक' या नावाखाली मुंबईचे वादक आफ्रिका, आयर्लंड, स्पेन इथवर पोहोचले. परंतु वणीच्या उत्तरेस आणि पश्चिमेस, कळवण-सुरगाण्याच्या डोंगरांत, मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्रभर वाजणारी पावरी त्यांच्या ऐकण्यात आलेली दिसत नाही. वाळलेला भोपळा, बांबू आणि शिंग यांपासून घडवलेले हे कोकणा-भिल्ल समाजांचे फुंकवाद्य नाचणाऱ्यांच्या फेराला धरून सलग सूर देते. त्या सुरात तानपुऱ्याची स्थिरता आहे आणि लयीचा रेटाही आहे. बँजो किंवा बेसशी मैत्री करू शकणाऱ्या बासरीला त्याच्याशी जुळवून घेणे अवघड जाऊ नये. वर उल्लेखलेल्या एकाही ध्वनिमुद्रिकेत पावरी नाही. ती तिथे यायची असेल, तर स्टुडिओत बोलावून चार मिनिटांचा नमुना घेण्यापेक्षा बासरीवादकाने उत्सवातल्या फेरात बसून तिचा श्वास आणि तिची चाल शिकणे आवश्यक आहे, जसे हॅसेल प्राणनाथांसमोर बसले.