माहितीपत्रकातील ‘प्रातिनिधिक’ हा शब्द

चिपचे माहितीपत्रक हे काही अंशी करारपत्र असते व काही अंशी जाहिरात. या दोहोंमधील सीमा कोठे आहे, हे दाखविणे समीक्षकाचे काम होय. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एसएन७४एलव्हीसी२४४ए या आठ वाहिन्यांच्या बफर व लाइन ड्रायव्हर चिपचे माहितीपत्रक या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

प्रथम गुणांचा निर्देश केला पाहिजे. ही चिप १.६५ ते ३.६ व्होल्ट पुरवठ्यावर चालते. तिची प्रवेशाग्रे ५.५ व्होल्टपर्यंत दाब सहन करीत असल्याने जुन्या ५ व्होल्टच्या मंडलाशी तिचा सांधा जुळतो. ३.३ व्होल्टवर विलंब अधिकात अधिक ५.९ नॅनोसेकंद, आणि प्रत्येक निर्गमाग्राची क्षमता २४ मिलिअँपिअर. याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु ही क्षमताच दोषाचे मूळ आहे. ५० पिकोफॅराडचा भार २.५ नॅनोसेकंदांत ३ व्होल्टने उतरवावयाचा, तर सरासरी ६० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. आठही निर्गम एकाच वेळी बदलले, तर ४८० मिलिअँपिअर प्रवाह एकट्या दहाव्या पिनेतून जमिनीकडे धावतो. तो २ नॅनोसेकंदांत वाढला असे मानले, तर त्या वाटेतील प्रत्येक नॅनोहेन्री प्रवर्तकत्वामागे सुमारे ०.२४ व्होल्ट दाब निर्माण होतो. चिपची आतील जमीन तेवढी उचलली जाते, आणि स्थिर राहावयाचे निर्गमाग्रही तिच्याबरोबर वर येते.

आता माहितीपत्रकाकडे वळू. ३.३ व्होल्ट व २५ अंश सेल्सिअसवर हा उसळा ‘प्रातिनिधिकरीत्या’ ०.८ व्होल्टहून कमी असल्याचे त्यात गुण म्हणून नोंदविले आहे. पुढील चिप ज्याला ‘शून्य’ मानण्यास बांधलेली आहे, ती मर्यादा मात्र नेमकी ०.८ व्होल्टचीच आहे! म्हणजे जे अंतर गोंगाटासाठी राखावयाचे, ते सर्वच्या सर्व खर्च होऊ शकते, आणि तेही हमीच्या नव्हे, तर प्रातिनिधिक आकड्याने. उसळा क्षणिक असल्याने सामान्य माहितीवाहिन्यांना तो बहुधा बाधत नाही, हे खरे. परंतु घड्याळ-स्पंद किंवा रीसेट यांसारखी वाहिनी त्याच चिपमधून नेल्यास एक खोटा स्पंदही पुरेसा होतो.

हा दोष अपरिहार्य होता काय? जमीन व पुरवठा यांच्या पिना कोपऱ्यांत ठेवण्याची रीत जुन्या ७४ मालिकेकडून आलेली आहे. याच कंपनीने १९८० च्या दशकात त्या मध्यभागी आणणारी ७४एसी११ मालिका काढली होती. पण जुन्या पट्टीत बसणारी मांडणीच रूढ राहिली. याउलट सोळा वाहिन्यांच्या ७४एलव्हीसी१६२४४ए या चिपमध्ये जमिनीच्या आठ पिना आहेत: दर दोन निर्गमांमागे एक. ७४एलव्हीसी२२४४ए मध्ये निर्गमाशी २६ ओहमइतका रोध घालून क्षमता १२ मिलिअँपिअरवर आणली आहे. दोन्ही उपाय समस्येची कबुलीच देतात.

तेव्हा चिपची निवड मिलिअँपिअरच्या मोठ्या आकड्यावरून करणे अशास्त्रीय होय. आधी पाहावयाचे ते एका जमिनीवर किती निर्गम अवलंबून आहेत हे. आणि जेथे ‘प्रातिनिधिक’ हा शब्द आढळेल, तेथे करार संपला असे समजून स्वतः मापन करावे.