व्हायोलिनची घाई

सध्याच्या बऱ्याचशा मराठी ऑडिओ मालिकांत कुणी गेल्याची बातमी आली, की वाक्य पुरं व्हायच्या आत व्हायोलिन रडू लागतं. पात्राच्या अजून काही ध्यानात आलेलं नसतं. श्रोत्याला मात्र गहिवरण्याची सूचना मिळालेली असते. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, पाऊस हवा तसा पाडता येतो. तरी प्रसंग मनाला लागत नाही, तो या घाईमुळे.

श्रुतिकेची सुरुवात काळोखाच्या बळावर झाली. रिचर्ड ह्यूजच्या ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’मध्ये (बीबीसी, १९२४) कोळशाच्या खाणीत माणसं अडकतात आणि दिवे जातात. पात्रांना दिसत नाही, श्रोत्यालाही नाही. भीतीला आणखी काय हवं? १९३८ साली ऑर्सन वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’मध्ये बातमीदाराचा आवाज बोलता बोलता तुटतो आणि पुढे नुसती शांतता. पृथ्वीवर चालून आलेल्या मंगळवासीयांच्या यंत्रांहून तीच जास्त भिववते.

सॅम्युएल बेकेटचं ‘ऑल दॅट फॉल’ (१९५७) तर या कलेचा वस्तुपाठच. थकलेली मिसेस रूनी आंधळ्या नवऱ्याला आणायला पाय ओढत स्टेशनावर निघते. हुबेहूबपणा टाळण्यासाठी निर्माते डोनाल्ड मॅकविनी यांनी जनावरांचे आवाज माणसांकडून काढून घेतले. नाटकात संगीत आहे, शूबर्टचं. पण ते रस्त्याकडेच्या घरातून येतं, जिथे एक म्हातारी एकटी राहते. शेवटी गाडीला उशीर का झाला ते कळतं: एक मूल रुळांवर पडून चिरडलं गेलं. त्यावर एकही सूर नाही. शांतता, मग वारा-पाऊस आणि ओढत जाणारी पावलं. अशाच प्रयोगांतून १९५८ साली बीबीसीची ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ ही ध्वनिप्रयोगांची शाखा उभी राहिली.

आपल्याकडच्या नभोनाट्याची साधनं साधी होती: करवंट्यांच्या टापा, चुरगळलेल्या कागदाचा जाळ. पण नट माइकपासून किती लांब उभा आहे, याला अर्थ होता. दोन पावलं मागे सरून म्हटलेलं ‘येतो मी’ दारातून आल्यासारखं वाटे.

आता श्रोता हेडफोन लावून एकटा ऐकतो. माइकजवळ बोललं की आवाजातला खर्ज वाढतो, कुजबुज थेट कानाशी येते. ही जवळीक घरभर ऐकल्या जाणाऱ्या रेडिओला मिळाली नव्हती. पण सगळीच पात्रं सारा वेळ कानाशी बोलू लागली, तर नवरा-बायकोतला दुरावा ऐकू कसा येणार?

मला विचाराल तर बातमीचा फोन येतो तेव्हा गॅसवर कुकर असावा. फोन ठेवल्याचा आवाज. तिसरी शिट्टी. चौथी. कुणी उठत नाही. पाचव्या शिट्टीला गॅस बंद करायला श्रोत्याचाच हात पुढे होईल.